महाराजांचं माप काढणारी मी कोण?

पत्र अमळनेरकडच्या, बोरीकाठच्या एका गावातून आलंय. सहा पानी आहे, म्हणून सारांश देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

लिहिणाऱ्या बाई चाळिशीच्या. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यातली पहिली नऊ नवऱ्याच्या दारूत गेली. मग सासूबाईंनी मुलाला पंचक्रोशीतल्या एका मठात नेलं. तिथल्या महाराजांनी त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. त्याला दहा वर्षं झाली, पण त्यानं दारूला हात लावलेला नाही. तेव्हापासून सगळं घर मठाचं झालं. दर गुरुवारी सेवा असते, गुरुपौर्णिमेच्या भंडाऱ्याला गव्हाची पोती जातात. गेल्या दिवाळीनंतर मठात सेवेला येणारी नात्यातली बावीस वर्षांची मुलगी बाईंच्या गळ्यात पडून रडली. महाराजांनी तिला एकटीला खोलीत बोलावलं, "गेल्या जन्मी तू माझी होतीस" म्हणाले आणि अंगाशी झटले. ती दार उघडून पळाली. एका जुन्या सेवेकऱ्यानं धीर करून महाराजांना विचारलं, तेव्हा भर दरबारात उत्तर मिळालं, "मी जे करतो ते वरच्या आदेशानं करतो. शंका असेल तर दत्त महाराजांना विचारा." पुढच्या गुरुवारपासून तो सेवेकरी दिसेनासा झाला, आणि नावं ठेवली गेली ती मुलीला.

आता सासरे मठाला नदीकडची दोन एकर जमीन द्यायला निघालेत. बाईंच्या सोळा वर्षांच्या मुलीनं सुट्टीत मठात राहून सेवा करावी, असंही घरात ठरत आलंय. नवऱ्याजवळ विषय काढला तर तो म्हणाला, संतांचं माप आपण काढायचं नसतं. सासूबाई म्हणाल्या, "त्यासले देवनी आज्ञा शे. आपन कोन इचारणार?" बाई विचारतात: ज्यानं माझं घर वाचवलं त्याच्यावर संशय घेणं पाप आहे का? खरंच देवाची आज्ञा असेल तर? आणि मी बोलले, यांची श्रद्धा मोडली आणि यांनी माळ काढून ठेवली तर?

ताई,

सगळ्यात आधी मुलीचं. पाप-पुण्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, तिला मठात मुक्कामाला पाठवू नका. त्यासाठी महाराज कसे आहेत हे घरात कोणाला पटवून द्यायची गरज नाही. अकरावी संपतेय, सीईटीचा क्लास आहे, ती जळगावला मामाकडे राहणार आहे, एवढं पुरे. खोटं बोला असं मी सांगत नाही. क्लास खरोखरच लावा. आणि तिच्याशी बोला. नात्यातल्या त्या मुलीचं नाव घ्यायचं कारण नाही. पण कितीही मोठ्या माणसानं एकटीला बंद खोलीत बोलावलं तर उठून यायचं, घरी सांगायचं आणि आई तिलाच रागावणार नाही, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या. अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत असं काही घडलेलं माहीत असून न कळवणं हासुद्धा २०१२ च्या पोक्सो कायद्यानं गुन्हा आहे. हे तुमच्यापेक्षा, अशाच घरात बसून हे वाचणाऱ्या इतर आयांसाठी लिहितेय.

आता 'माप काढणारी मी कोण' याकडे वळते.

तुमचं हे वाक्य वाचलं आणि मला मुक्ताबाई आठवली. तिची समाधी आपल्याच खानदेशात आहे. कोथळी-मेहूणला तिची देवळं आहेत आणि जवळच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव आहे. गोष्ट तुम्ही लहानपणीच ऐकली असेल. चांगदेव योगबळावर चौदाशे वर्षं जगलेला, वाघावर बसणारा, हातात सापाचा चाबूक. त्यानं ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतलं. पण वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानानं मोठे म्हणून नमस्कार, हे काही ठरेना, म्हणून कोराच कागद पाठवला. तो कागद बघून मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला!

पोरसवदा मुलगी. समोर एवढा सिद्धीवाला माणूस. तिनं वाघ खरा की खोटा हा वाद घातला नाही. चौदाशे वर्षांचा हिशेबही मागितला नाही. ती कागदाबद्दल बोलली, कारण कागद तिच्या हातात होता. तुमच्याही हातात कागद आहे, ताई. महाराजांना सिद्धी आहे की नाही, दत्त त्यांच्याशी बोलतो की नाही, हे ठरवायची जबाबदारी कोणी तुमच्यावर टाकलेली नाही. एक मुलगी रडत तुमच्याकडे आली. तो कागद वाचायला तुम्ही पुरेशा आहात.

आणि चांगदेवानं पुढे काय केलं? परंपरा सांगते की त्यानं त्याच मुलीला गुरू केलं. मोठेपण ओळखायचंच असेल तर मी तिथे ओळखीन. तुमच्या मठात एका म्हाताऱ्या सेवेकऱ्यानं एक प्रश्न विचारला, तर त्याची बसायची जागा गेली.

देवाची आज्ञा असेल तर, असं तुम्ही विचारता. देव कोणाच्या कानात काय सांगतो ते मला ऐकू येत नाही. तुम्हालाही नाही. अडचण नेमकी हीच आहे. ज्या गोष्टीची शहानिशा दुसरं कोणीच करू शकत नाही, तिच्या आड उभं राहून दिलेलं उत्तर हे उत्तरच नसतं. म्हणून एक काम करा. एखाद्या दुपारी घरात कोणी नसताना एक वही घ्या आणि गेल्या दहा वर्षांत मठात आलेले जे 'आदेश' आठवतील ते लिहून काढा. तुमच्या पत्रातच मला चार सापडले. चांदीच्या पादुका करा. गाडी जुनी झाली, नवी घ्या. अमक्या घराशी व्यवहार तोडा. नदीकडची जमीन मठाला हवी. यादी पुरी झाली की तिच्यात एकच गोष्ट शोधा. महाराजांच्या गैरसोयीचा एक तरी आदेश आहे का? हिशेब लोकांपुढे मांड, त्या पोरीच्या घरी जाऊन हात जोड, महिनाभर दरबार बंद ठेव, असं काही देवानं त्यांना कधी सांगितलं का?

ज्यांना देव भेटला असं आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो, त्यांचं त्या भेटीपायी काही ना काही गेलंच. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं सांगतात. तिथे देव सावकाराच्या खिशातून काढत होता. ज्याच्या प्रत्येक आदेशानंतर त्याच्याच घरात काहीतरी येतं, त्याच्याबद्दल शंका घ्यायला पोथ्या वाचाव्या लागत नाहीत. आठवडे बाजारात वांगी घेताना आपण जेवढी अक्कल वापरतो तेवढी पुरते.

संशय घेणं पाप असतं तर आपल्या संतांच्या अर्ध्या गाथा पापाच्या ठरल्या असत्या. अंगाला राख फासून, डोळे झाकून पाप करणाऱ्यांना तुकोबांनी सरळ 'भोंदू' म्हटलंय. ते अभंग आपली भजनी मंडळं टाळ कुटत म्हणतात. फक्त म्हणताना प्रत्येकाच्या डोळ्यासमोर दुसऱ्या गावचा बाबा असतो. आणि तुमच्या अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी! हरिजनांना विठ्ठलाचं दार उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात ते पंढरपुरात उपोषणाला बसले. त्यांच्याएवढा भाबडा भक्त शोधून सापडायचा नाही. पण देवाच्या नावानं दाराशी उभ्या असलेल्यांना त्यांनी प्रश्न विचारला.

अगदी तुमच्याच प्रश्नाचा खटला महाराष्ट्रात एकदा कोर्टात चाललाय. वर्ष १८६२, मुंबई. करसनदास मुळजी नावाचा तरुण गुजराती पत्रकार होता. घर वैष्णव, ज्यांच्याविरुद्ध लिहिलं त्याच पंथातलं. त्या पंथाचे महाराज भक्तांच्या बायका-मुलींशी कसे वागतात, हे त्यानं 'सत्यप्रकाश' या आपल्या पत्रात छापलं. जदुनाथजी महाराजांनी त्याच्यावर पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. भक्तांच्या लेखी महाराज म्हणजे कृष्णाचंच रूप, मग त्यांना कोण बोलणार? कोणी साक्षीला जाऊ नये म्हणून भाटिया समाजातल्या पुढाऱ्यांनी आपसात एकी केली. तो कटच ठरला आणि त्याचा खटला वेगळा चालला. तरीही साक्षी झाल्या. आपले डॉक्टर भाऊ दाजी लाड साक्षीला उभे राहिले आणि महाराज मंडळींना कोणत्या रोगांवर औषध द्यावं लागलं ते त्यांनी सांगितलं. करसनदास सुटला. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी निकालात जे लिहिलं त्याचा मतलब असा, की नीतीनं जे चूक आहे ते धर्मानं बरोबर ठरू शकत नाही. ताई, तुमच्या मनात जे सहा महिने घोळतंय ते दीडशे वर्षांपूर्वी एका श्रद्धाळू घरातल्या मुलाच्याही मनात घोळलं होतं. त्यानं पंथ बुडवला नाही. पंथ आजही आहे.

इथे मला थोडं थांबायला हवं, कारण मी एकच बाजू ऐकलीय. महाराजांना तूप जास्त लागतं, गाडी मोठी आहे, श्रीमंत भक्त आला की ते उठून उभे राहतात, हेही तुम्ही लिहिलंय. ते मी बाजूला ठेवते, आणि तुम्हीही ठेवा. साधूला भूक लागू नये, राग येऊ नये, अशी अपेक्षा आपण ठेवतो आणि मग बारीकसारीक गोष्टींवरून खरा मुद्दा पातळ करून टाकतो. मठातल्या बायकांची कुजबुजही बाजूला ठेवा. जे उरतं ते असं: मुलीनं स्वतः तुम्हाला सांगितलं. आणि दरबारातलं उत्तर तुम्ही स्वतः ऐकलं. त्या उत्तरात "असं घडलंच नाही" हे शब्द नव्हते. निर्दोष माणूस आधी ते म्हणतो.

गुन्हा झाला की नाही ते पोलीस आणि कोर्ट ठरवतील. मात्र एखाद्याला तुरुंगात पाठवायला जेवढा पुरावा लागतो तेवढा आपली मुलगी त्याच्याकडे न पाठवायला लागत नाही. हे दोन वेगळे तराजू आहेत. "सिद्ध झालंय का?" असं घरात कोणी विचारलं की तुम्ही गप्प होता, असं दिसतं. सिद्ध झालेलं नाही, हे मान्य करा. आणि मुलगी तरीही जाणार नाही, हे सांगा.

आता तुमच्या पत्रातली खरी गाठ. ती जमिनीची नाही की आज्ञेचीही नाही. ती माळेची आहे.

तुम्ही लिहिलंय, "महाराजांनी यांची दारू सोडवली." दहा वर्षांपूर्वीचं तुमचंच वर्णन परत वाचते. माळ घातली त्यानंतरचे पंधरा दिवस त्यांचे हात थरथरत होते, झोप नव्हती, घामानं अंथरूण भिजायचं, आणि तुम्ही व सासूबाई आळीपाळीनं जागत होतात. महाराज तेव्हा दौऱ्यावर होते. त्या पंधरा रात्री कोणाच्या? आणि त्यानंतरच्या साडेतीन हजारांहून जास्त संध्याकाळी? शेतातून घरी येताना देशी दारूच्या दुकानावरूनच रस्ता आहे, असंही तुम्ही लिहिलंय. रोज त्या दुकानावरून पुढे चालत आले ते तुमचे 'हे'. महाराजांनी पहिला धक्का दिला, तो खरा दिला. त्याबद्दल कृतज्ञ राहा. मी ते उपकार तुमच्याकडून काढून घ्यायला आलेले नाही. पण डॉक्टरनं बाळंतपण नीट केलं म्हणून त्यानं पुढे दुसऱ्या बाईशी केलेलं वागणं माफ होत नाही. ज्याचं त्याचं खातं वेगळं. आणि उपकाराची परतफेड करायचीच तर ती आपण आपल्या खिशातून करतो, दुसऱ्याच्या मुलीच्या अब्रूतून नाही.

तरीही तुमची भीती खरी आहे. एकाच खुंटीला सगळं टांगलं की खुंटी हलली तर सगळंच खाली येतं. म्हणून खुंटी उपटायची घाई नको. आधी दुसऱ्या चार खुंट्या ठोका. गावात हरिपाठ होतो का? संध्याकाळी त्यांना तिथे बसू द्या. वेळही तीच, दुकानाची. मुक्ताबाईची पालखी दर वर्षी आपल्याकडून पंढरपूरला महिनाभर चालत जाते. पेरणीची सोय होत असेल तर एका वर्षी त्यांना जाऊ द्या, नाहीतर निदान दोन मुक्काम बरोबर चालू द्या. माळ पंढरीची आहे, हे त्यांच्या पायांना कळेल. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून ठेवायच्या संघटनेची बैठक जवळच्या शहरात असेल तर तिथे एकदा जाऊन यायला काही लागत नाही. दहा वर्षं न पिणाऱ्या माणसाला तिथे मान असतो, आणि तो मान कोणा एका गुरूनं दिलेला नसतो. कधी पाय घसरतोय असं वाटलं तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी क्रमांक आहे, तो फोनमध्ये ठेवा.

हे सगळं सुरू झाल्यावर बोला. दोघंच असताना, शेतात किंवा रात्री ओट्यावर. दरबारात नको, सासूबाईंसमोरही नको. सुरुवात महाराजांपासून करू नका. "तुमच्या माळेचा मला अभिमान आहे" इथून करा. मग मुलीचं सांगा, जे तुम्ही ऐकलं तेवढंच, मीठमसाला न लावता. आणि थांबा. ते चिडतील, उठून जातील. जाऊ द्या. दहा वर्षं ज्याला देव मानलं त्याच्याबद्दल असं ऐकणं म्हणजे घरातलं माणूस गेल्यासारखं असतं, आणि तशा वेळी कोणी वाद जिंकत नाही. सोबत एक लक्षात ठेवा: पुढे कधी त्यांनी दारू घेतलीच तर तो तुमच्या बोलण्याचा दोष नाही. मठातली मंडळी तसंच म्हणतील.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्या माउलीनं आपला मुलगा मरताना बघितला आणि त्याला उचलून जिथे दार उघडं दिसलं तिथे नेलं. त्यांना महाराजांचं कवतिक आहे त्याहून मुलाची भीती जास्त आहे. फारच झालं तर त्यांच्याच बोलीत एवढं विचारा, "माय, देवनी आज्ञा व्हती ते पोर कसाले रडनी?" आणि उत्तराची वाट बघू नका, भाकरी थापत राहा.

जमिनीला मात्र वेळ कमी आहे, तिथे चुलीपाशी बसून चालणार नाही. बक्षीसपत्र दुय्यम निबंधकांकडे एकदा नोंदलं गेलं की मन बदललं म्हणून ते रद्द होत नाही. सासऱ्यांना 'देऊ नका' म्हणालात तर ते हट्टाला पेटतील. त्याऐवजी कागद मागा. जमीन कोणाच्या नावावर होणार? मठाचा न्यास नोंदलेला आहे का? नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची नावं, लेखापरीक्षणाचे अहवाल धर्मादाय कार्यालयात असायला हवेत. राज्याचा सार्वजनिक विश्वस्त कायदा १९५० पासून आहे, त्यामुळे 'आमच्याकडे तसली पद्धत नाही' हे उत्तर चालत नाही. जमीन खुद्द महाराजांच्या नावावर जाणार असेल, तर ती दत्ताला दिली असं म्हणता येणार नाही. उद्या ती त्यांच्या पुतण्याच्या सातबाऱ्यावर दिसेल. घेणारा शेतकरी नसेल तर कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आणि जमीन वडिलोपार्जित असेल तर ती एकट्या सासऱ्यांची नाही. २००५ च्या दुरुस्तीपासून लेकींचाही मुलांइतकाच हिस्सा आहे. तुमच्या नणंदांना हे माहीत आहे का? त्यांना फोन करून राखीला बोलावून घ्या. काही गोष्टी सुनेनं बोलल्या की भांडण होतं आणि लेकीनं बोलल्या की विचार होतो, हे तुम्हाला मी काय सांगू.

गुरूच्या दडपणाखाली झालेलं दान कायद्याला ठाऊकच नाही असं समजू नका. १८९० मध्ये अलाहाबाद हायकोर्टासमोर मन्नू सिंग विरुद्ध उमादत्त पांडे हा खटला आला होता. एका वृद्धानं परलोकीच्या कल्याणासाठी आपली मालमत्ता गुरूला लिहून दिली होती. कोर्टानं ते दान रद्द ठरवलं, कारण शिष्याच्या मनावर गुरूचा ताबा असतो आणि अशा व्यवहारात दडपण नव्हतं हे गुरूनं दाखवायचं असतं. कायद्याच्या वर्गात हा खटला अजून शिकवतात. पण कोर्टाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा सहीआधी कागद मागणं स्वस्त पडतं.

आता ती बावीस वर्षांची मुलगी. पत्रात तिच्यावर पाचच ओळी आहेत, आणि मला सगळ्यात जास्त तिचीच काळजी वाटते.

मी तरुणपणी धुळे जिल्ह्यात मास्तरीण होते. गावात सप्ताहाला येणाऱ्या एका कीर्तनकाराबद्दल माझ्या वर्गातल्या मुलीची आई एकदा शाळेत येऊन काहीतरी सांगू लागली. त्याचं कीर्तन मला फार आवडायचं. "असं बोलू नये" म्हणून मी तिला अर्ध्यात थांबवलं. ती पदर सावरून निघून गेली आणि मुलगी शाळेत असेपर्यंत पुन्हा कधी माझ्याशी बोलली नाही. तिचं वाक्य पुढे काय होतं ते मला आजवर कळलेलं नाही. तुम्ही निदान पूर्ण ऐकून घेतलंत.

तक्रार करायची की नाही हे त्या मुलीनं ठरवायचं. ते तुम्ही, मी किंवा तिच्या बापानंही ठरवायचं नाही. पण ठरवण्याआधी तिला माहिती हवी. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत, अंगात विशेष शक्ती किंवा अवतार असल्याचं भासवून, 'गेल्या जन्मी तू माझी बायको होतीस' असं सांगून लैंगिक संबंध ठेवण्याचा उल्लेख जवळजवळ याच शब्दांत आहे. तुमच्या महाराजांनी काही नवीन काढलेलं नाही. तिच्या बाबतीत प्रकार तिथवर गेला नाही, पण अंगाशी झटणं हा साध्या फौजदारी कायद्यानंही गुन्हाच आहे. हरिपाठ, कीर्तन, वारी, प्रदक्षिणा यांना जादूटोणाविरोधी कायदा हात लावत नाही, हे घरातल्यांना आवर्जून सांगा, कारण 'धर्माविरुद्धचा कायदा' अशी त्याची बदनामी झालीय.

गावच्या ठाण्यात जायची भीती वाटत असेल तर दुसऱ्या कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. आसाराम बापूंच्या खटल्यात हेच झालं. घटना जोधपूरजवळच्या आश्रमातली, पण तक्रार दिल्लीत नोंदली गेली. मुलगी त्यांच्याच गुरुकुलात शिकणारी, आईबाप भक्त. २०१८ मध्ये जन्मठेप झाली, ती त्या कुटुंबानं माघार घेतली नाही म्हणून. तक्रार गेलीच तर तिचा जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. कोणत्याही बाईला, उत्पन्न न बघता, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, त्यांचा क्रमांक १५१००. महिलांसाठी १८१ आहे. हे आकडे कागदावर लिहून तिला द्या, मोबाइलवर पाठवू नका. तिचा मोबाइल घरात कोण कोण बघतं ते तुम्हाला माहीत नाही. तिला तक्रार करायचीच नसेल तर जे घडलं ते आजच तारखेसह वहीत लिहून ठेव, एवढंच सांगा. वर्षानं धीर आला तर त्या वहीचा उपयोग होईल.

वाळीत टाकतील, या भीतीबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय. राज्यात २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण कायदा असला म्हणून हळदी-कुंकवाचं बोलावणं येतंच असं नाही, हे मलाही कळतं. म्हणून एकट्यानं उभं राहू नका. तो दिसेनासा झालेला जुना सेवेकरी कुठे आहे ते शोधा. जो एकदा बोलला, तो पुन्हा बोलेल. आणि शापाचं म्हणाल तर, महाराजांची निंदा करणाऱ्याचा बैल मेला ही गोष्ट तुमच्या मठातही सांगतात. २०२२ मध्ये लम्पी हा गुरांचा रोग जळगाव जिल्ह्यात शिरला तेव्हा त्यानं निंदकांचे गोठे वेगळे आणि सेवेकऱ्यांचे वेगळे असं काही केलं नाही. तुमच्या शेजारच्या सेवेकऱ्याची गाय गेली, हे तुम्हीच लिहिलंय.

शेवटच्या ओळीत तुम्ही विचारलंय, देव्हाऱ्यातला महाराजांचा फोटो काढू का. आत्ता नको. सासूबाई रोज त्याला फूल वाहतात, आणि फोटो काढल्यानं त्या मुलीचं काही बरं होणार नाही. तुमचा हात जोडला जात नसेल तर जोडू नका, बाजूच्या विठ्ठलाला जोडा. कोणी विचारणार नाही.

त्या मुलीकडे मात्र याच आठवड्यात जा. गुरुवारी गेलात तर बरं, घरचे मठात असतील. सोबत कोणाला नेऊ नका. ती विषय काढेलच असं नाही. नाही काढला तर चहा घ्या, तिच्याबरोबर शेंगा सोलत बसा, आणि उठताना पुढच्या गुरुवारी येते म्हणून सांगा.